शलोमीमावशींचं नाव

उपासना संपली होती. चर्चच्या आवारात बायका चपला शोधत होत्या. शलोमीमावशींनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली शेंगापोळी काढून कीर्तीसमोर धरली, आणि कीर्तीचा हात वर आला नाही.

थांबला तो क्षणभरच. पण मावशींनी पाहिलं. आयुष्यभर बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून राबलेल्या बाईला हात थांबलेला कळतो.

"घे की," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठीच आणली. पण इथंच कुठंतरी खा. घरी नेलीस तर गटारात जाईल."

"असं काय बोलता, मावशी."

"जे झालंय तेच बोलते."

कीर्तीने पोळी घेतली, चर्चमधल्या रीतीने "सलाम, मावशी" म्हणाली आणि पोळी पर्समध्ये टाकली. मावशी फाटकातून एकट्याच बाहेर पडल्या. पूर्वी त्यांच्याबरोबर शुक्रवार पेठेपर्यंत चार-पाच बायका गप्पा मारत जायच्या. आता त्या बायका फाटकाशी रेंगाळत होत्या, मावशी कोपऱ्यावर वळेपर्यंत.

कीर्तीने पोळी खाल्ली नाही.

सोमवारी सकाळी चिंचोळी एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत तिने पर्स उघडली तेव्हा पोळी तशीच होती. विसरले, असं तिने स्वतःला सांगितलं. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती आणि कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येक बॅचचे नमुने तपासायचं काम करत होती. सकाळी पर्समध्ये डबा ठेवताना पोळी दिसली होती आणि आपण ती तशीच राहू दिली होती, एवढं तिला कळत होतं. तिने पोळी टेबलावर तराजूशेजारी ठेवली आणि बघत राहिली. शेंगदाण्याला बुरशी लागली तर त्यात विष तयार होतं, हे खरं होतं. ते तपासायची सोय या प्रयोगशाळेत नव्हती, हेही खरं होतं. आणि पोळी इथे आणायचं कारण बुरशी नव्हतं, हे सगळ्यात खरं होतं.

"अगं, हे काय?" मागून जोया आली. दोघी एकाच टेबलावर काम करायच्या. "हितं खायचं न्हाई म्हणून मला रोज ओरडतीस, आणि स्वतः नमुन्यांच्या शेजारी शेंगापोळी? दे इकडं. पकडले गेलो तर तुझं नाव सांगते."

कीर्ती काही बोलायच्या आत जोया पोळी घेऊन व्हरांड्यात गेली. परत आली ती बोटं चाटतच. "लई भारी. किन्ने बनाई? तुझ्या आईने?"

"नाही. आमच्या चर्चमधल्या एक मावशी आहेत."

"त्यांना म्हण, जोयाला दत्तक घ्या. माझा निकाह होईपर्यंत तरी."

त्या सकाळी कीर्तीचं कामात लक्ष लागलं नाही. ती जोयाकडे बघत होती. जोया खोकली की बघत होती, जोया पाणी प्यायला उठली की बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "पोट वगैरे दुखत नाही ना तुझं?"

"दुखावं असं वाटतंय का तुला?"

"नाही गं. सहज."

"सहज कुणी असं विचारतं व्हय?" जोया हसून कामाला लागली.

कीर्ती बेसिनपाशी गेली आणि हात धुऊ लागली. हात स्वच्छ होते. देवऋषीने कापलेलं लिंबू लाल का होतं, हे समीकरणासकट माहीत असलेली ती, एका म्हाताऱ्या नर्सच्या पोळीला घाबरली होती. आणि ती भीती तिच्या घरात आणली कुणी, हेही तिलाच तेवढं माहीत होतं.

झालं होतं असं. तिच्या भावाची, प्रदीपची बायको बुद्धप्रिया, घरात सगळ्यांची प्रिया, हिचे दोन गर्भ लागोपाठ पडले. डॉक्टरांनी सांगितलं, पुष्कळदा गर्भाच्या घडणीतच चूक असते, कुणाचा दोष नसतो. कीर्तीने घरी येऊन आईला तेच जास्त सोपं करून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर आपल्याच घरात का?"

घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. वडील हयात असताना मंडळीचे वडीलजन, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, होते. आई, चांगुणाबाई, एकही रविवार चुकवत नसे. पण मोहोळच्या पलीकडे एका वस्तीवर ज्ञानबा म्हणून देवऋषी आहे, तो घरावर काय आहे ते सांगतो, असं कुणीतरी तिच्या कानात घातलं. चर्चच्या पाळकांना कळू न देता तिथं जायचं तिने ठरवलं. "एकदाच," ती कीर्तीला म्हणाली. "देवाला सोडून न्हाय चालले मी. नुसतं विचारून येऊ." कीर्तीने स्कूटर काढली. मी फक्त गाडी चालवणार, असं ती प्रदीपला म्हणाली. खरं तर तिला ते सगळं जवळून बघायचं होतं.

ज्ञानबा पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता. समोर लिंबू आणि चाकू. चाकूच्या पात्यावर वाळलेला नारिंगी डाग कीर्तीने सगळ्यात आधी पाहिला. मिथिल ऑरेंज, तिच्या मनात आलं, किंवा त्याच जातीचं काहीतरी. लिंबाच्या आंबटाला लागलं की लाल होणार. प्रयोगशाळेत ती रोज हेच करायची. तिला हसू येत होतं आणि कौतुकही वाटत होतं. मग तिने त्याच्या प्रश्नांकडे लक्ष दिलं. तो आधी मोठं जाळं टाकायचा आणि मग चेहरे वाचायचा.

"घरात भायेरनं खाणं येतंय," तो म्हणाला. "बाईमाणूस हाय. येकटी हाय."

आई गोंधळली होती. तिला कुणाचंच नाव सुचत नव्हतं. आणि कीर्तीला बघायचं होतं, समोर काहीही ठेवलं तर हा उचलतो का. प्रयोगशाळेत एखादा खोटा नमुना घालून बघतात, तसं.

"शलोमीमावशी पोळ्या आणतात," ती म्हणाली.

मंडळीत कुणीही गरोदर राहिलं की मावशी तिच्यासाठी शेंगापोळ्या करायच्या. प्रियासाठी दोन्ही वेळा केल्या होत्या.

"मालक हाय तिला?"

"नाही. वारले."

"लेकरू?"

"नाही."

ज्ञानबाने डोळे मिटून मान हलवली आणि लिंबू कापलं. फोडी लाल झाल्या. आईच्या तोंडून असा आवाज आला की कीर्तीचं हसू तिथंच विरलं. निघताना त्याने सुनेच्या दंडाला बांधायला काळा दोरा दिला. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, मध्ये कुणी तोडला तर पोटातलं जाईल, असंही बजावलं.

परतताना कीर्ती ठरवत होती, टोलनाका गेला की गाडी थांबवायची आणि आईला सांगायचं. नाव मी दिलं, लिंबू असं लाल होतं. पण आईने मागून तिच्या पाठीला डोकं टेकवलं होतं आणि ती रडत रडत म्हणत होती, "बरं झालं तू संगट होतीस. मला तर ते नाव सुचलंच नसतं."

टोलनाका गेला. कीर्ती गाडी चालवत राहिली.

त्यानंतर प्रिया पुन्हा गरोदर राहिली, आणि दोरा लागू पडला असं आईला वाटलं. मावशींची पोळी आली ती गटारात गेली. आईने एका बाईला विश्वासात घेऊन सांगितलं, त्या बाईने दुसरीला. दर गुरुवारी महिला मंडळाच्या सभेनंतर मावशी सगळ्यांना चहा करायच्या. तो चहा आता कपात तसाच निवायचा. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. विचारलं तर सगळ्यांना ॲसिडिटी झालेली असायची. प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरून द्राक्षरसाचा पेला पुढे जातो, तेव्हा मावशींच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मग मावशीच मागच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या.

त्याच सोमवारी कामावरून सुटल्यावर कीर्ती घरी न जाता पाळकांच्या घरी गेली. रेव्हरंड गुरुलिंग अक्कलकोटकडचे. घरात कानडी बोलायचे आणि मराठी जपून, शब्द ठेवून ठेवून. ते अंगणात पाइपने झाडांना पाणी घालत होते. कीर्तीने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच नळ बंद केला.

"प्रार्थना केलीस?"

"करता येत नाही, साहेब. डोळे मिटले की लिंबू दिसतं."

"ते लाल कसं होतं, तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तरी काल मी पोळी खाल्ली नाही."

तिला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. "कसं करतात ते कळलं म्हणजे आपण त्यातून मोकळे, असं तुला वाटलं. पण तूसुद्धा त्याच्या डावात एक पान टाकलंस की. पान टाकणारा माणूस नुसता बघणारा कसा राहील?"

"मी देवाजवळ क्षमा मागते."

"माग. मिळेल. येशूने त्यासाठी जीव दिला आहे, त्यात मला शंका नाही." त्यांनी पाइप गुंडाळायला घेतला. "पण गुरुवारी शलोमीबाईंचा चहा कपातच राहील. तो कोण पिणार?"

कीर्तीने पायाजवळचं पाइपचं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"शुक्रवारी प्रभुभोजनाच्या तयारीची उपासना आहे. ज्यांच्यात काही वाकडं आहे त्यांनी एकमेकांकडे जावं, असं मी दर वेळी सांगतो. दर वेळी लोक काय करतात? शेजारच्याला सलाम करतात. ज्याच्याशी वाकडं आहे तो समोरच्या रांगेत बसलेला असतो." आता ते थोडं हसले. "आज्ञा अवघड नाही, कीर्ती. ज्या माणसाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, आधी त्याच्याकडे जा, मग वेदीपाशी ये. 'जमलं तर जा' असं प्रभू म्हणाला नाही."

"आणि आईला काय वाटेल?"

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. पाळकांच्या तोंडून तिने हे वाक्य क्वचितच ऐकलं होतं.

शलोमीमावशींचं घर शुक्रवार पेठेत, एका शिंप्याच्या दुकानाच्या वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कीर्ती जिना चढली. मावशी सुपात शेंगदाणे पाखडत बसल्या होत्या. कीर्तीने आधी ठरवलं होतं की कारणांपासून सुरुवात करायची. प्रियाचे गर्भ, आईची अवस्था, मग ज्ञानबा. पण समोर बसल्यावर तिला ते सगळं टाळाटाळीचं वाटलं.

"मावशी, तुमचं नाव मी घेतलं," ती म्हणाली. "देवऋषीसमोर. आईने नाही. त्यालाही माहीत नव्हतं. तो काय करतो ते मला बघायचं होतं."

सूप थांबलं.

"म्हणजे गंमत बघितलीस?"

"हो."

"माझंच का घेतलंस?"

या प्रश्नाची तयारी कीर्तीने केली नव्हती. तिने खरं उत्तर शोधलं, आणि ते सापडल्यावर तिला ते बोलवेना. तरी ती बोलली. "तुमच्या बाजूने भांडायला कुणी येणार नाही, असं आत कुठंतरी वाटलं असेल."

मावशींनी सूप खाली ठेवलं. त्या खिडकीतून खालच्या गल्लीकडे बघू लागल्या. "माझ्या हातावर किती पोरं जन्मली, ठाऊक आहे? तुझा भाऊ माझ्या हातावरचा. तू पण. तुझी नाळ गळ्याला गुंडाळलेली होती. तुझी आई किंचाळत होती आणि मी तिला शिव्या देत होते." त्यांनी मांडीवरचं एक फोलपट झटकलं. "प्रियाच्या पोटातल्या लेकराचं मी वाईट करीन? लोकांना ते पटलं, कीर्ती. मला त्याचंच नवल वाटतंय. किती लवकर पटलं."

"मला माफ करा, मावशी."

"करते. करायलाच पाहिजे, नाहीतर मी तरी कुठल्या तोंडानं प्रार्थना करू? पण आज नुसतं तोंडानंच झालंय बघ. आतनं व्हायला वेळ लागंल." त्यांनी पुन्हा सूप उचललं. "मला सांगून काय उपयोग? मी काही केलं नाही, हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

"शुक्रवारी सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

"आधी आईला सांग." मावशींचा आवाज एकदम नर्सचा झाला. "चारचौघात ऐकवू नको तिला. ती भ्यालेली बाई आहे. माझं नाव गेलं तसं तिचं नको जायला."

खाली येऊन कीर्तीने स्कूटर काढली. मावशी रागवल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

आईला सांगायला तिने बुधवारी संध्याकाळची वेळ निवडली. प्रदीप दुसऱ्या पाळीला गेला होता. प्रिया पाटावर बसून मेथी निवडत होती. कीर्तीने प्रयोगशाळेतून छोट्या बाटलीत मिथिल ऑरेंज आणलं होतं. आणायची परवानगी नव्हती. आपल्याकडे पुरावा आहे, या विचाराने तिला धीर आला होता.

तिने आईसमोर जुन्या चाकूला ते लावलं, वाळू दिलं आणि लिंबू कापलं. फोडी लाल झाल्या.

आई मागे सरकली.

"बघितलंस?" कीर्ती म्हणाली. "यात काही नाही. आमच्याकडे रोज वापरतात हे. ज्ञानबाच्या चाकूला हेच होतं. आणि शलोमीमावशींचं नाव त्याने नाही काढलं, मी दिलं. तू तिथंच होतीस, आठव."

आई लिंबाकडे बघत होती. मग तिने कीर्तीकडे पाहिलं, लिंबाकडे बघत होती तसंच. "म्हंजे तुलाबी येतंय व्हय हे?" आई हळू म्हणाली.

"आई, येतंय म्हणजे काय? रसायन आहे ते!"

"त्याला येतंय, तुला येतंय. मग ते खोटं कसं? आन् नाव तुझ्याच तोंडातनं का आलं? आलं कुटनं ते?"

प्रियाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "कीर्ती, तू त्यांना अजून घाबरवायलीस," ती म्हणाली. "आमच्या बौद्ध घरात असला दोरा दिसला असता तर माझ्या बापाने आधी मला आणि मग दोऱ्याला बाहेर काढलं असतं. हितं चर्चवाल्या घरात येऊन दंडाला बांधून बसलेय मी. का? तर सासूबाईंना झोप लागावी म्हणून. तुझ्या लिंबानं काय झोप लागणार हाय का त्यांना?"

कीर्तीने चाकू बाजूला ठेवला. मग ती आईच्या जवळ जमिनीवर जाऊन बसली.

"आई, मी पाप केलंय," ती म्हणाली. "हा शब्द मला वापरायचा नव्हता. चूक म्हणत होते, प्रयोग म्हणत होते. मला मजा बघायची होती, म्हणून मी मावशींचं नाव दिलं. तू रडत होतीस, मला खरं सांगता आलं असतं. मी गप्प बसले, कारण तुला वाटत होतं मी तुझी मदत केली, आणि मला ते आवडलं. मावशींना बायकांनी वाळीत टाकलं, तरी मी गप्पच होते." तिने लिंबाच्या फोडी बाजूला सारल्या. "आणि रविवारी मावशींनी मला पोळी दिली. मी खाल्ली नाही. भीती वाटली मला."

आईने मान वर केली. "तुला?"

"मला."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

कितीतरी दिवसांत आईने पहिल्यांदा तिच्या केसांवरून हात फिरवला. "मला वाटायचं मी येकटीच भ्यालेय ह्या घरात," ती म्हणाली. "चर्चमदी बसले तरी दोराच आठवायचा. सैल तर न्हाय ना झाला. प्रभूपुढं मान खाली घालायची आन् मनात ज्ञानबा. तुझे वडील असते तर मला दारात उभं केलं नसतं त्यांनी."

"सोडवू या का आपण तो?"

आई दचकली. "आन् पोरीला काय झालं तर?"

इथे कीर्तीला खोटं बोलता आलं असतं. काही होणार नाही, असं सगळेच म्हणतात. पण पहिल्या दोन वेळी कशाने झालं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि या वेळचंही ठाऊक नव्हतं. "होणार नाही असं मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "झालं तरी ते दोऱ्याने झालेलं नसेल, एवढं सांगते."

"मग कशाच्या जोरावर काढायचा?"

"प्रभूने सांगितलंय, मला सोडून दुसऱ्याला धरू नको. तेवढ्याच जोरावर. याहून जास्त माझ्याकडे काही नाही, आई."

बाहेर कुणीतरी पाण्याचा टँकर आल्याची हाक दिली, आणि कुणीही उठलं नाही. मग आईने प्रियाला विचारलं, "तू काय म्हंतीस?"

"बांधताना विचारलं नव्हतं," प्रिया म्हणाली, "आता विचारलं, बरं वाटलं." तिने बाही वर सरकवली.

आईने भाजीची सुरी पुढे ओढली. तिने डोळे मिटले. तिची प्रार्थना कीर्तीने लहानपणापासून ऐकलेली होती, लांब, जुन्या शब्दांची. आज ती दोनच वाक्यं बोलली. "येशू, मी तुला फसीवलं. ही पोर तुझ्या हाती हाय." मग तिने दोरा बोटात धरला, पातं त्याच्याखाली घातलं आणि ओढलं.

काहीच झालं नाही. प्रियाने दंड खाजवला. "घामोळं आलं होतं त्याच्याखाली," ती म्हणाली आणि मेथी पुढे ओढली. आई भिंतीला टेकून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली.

शुक्रवारी संध्याकाळी तयारीच्या उपासनेला नेहमीचीच माणसं होती, बहुतेक बायका. मावशी मागच्या बाकावर होत्या. रेव्हरंड गुरुलिंग यांनी दर वेळचं वाक्य म्हटलं, ज्यांच्यात काही वाकडं असेल त्यांनी उठावं. सवयीने लोक शेजारच्याकडे वळले, सलाम झाले. कीर्ती उठून उभी राहिली आणि आपल्याला बोलायचंय म्हणाली.

तिने थोडक्यात सांगितलं. देवऋषीकडे नेलं मी, नाव दिलं मी, ते नाव खोटं होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. शलोमीमावशींनी आमच्या घराचं चांगलंच केलं आहे. आईला फसवलं तेही मीच.

पुढच्या रांगेतली एक बाई पदराने वारा घेऊ लागली. मग कीर्तीच्या शेजारी हालचाल झाली. आई उठत होती. हे ठरलेलं नव्हतं.

"पोरगी समदं आपल्यावर घेतीया," आई म्हणाली. "तिनं नाव दिलं, खरं हाय. पर बायकांच्यात ते मी सांगितलं. माझ्या तोंडानं. दोराबी मीच बांधला सुनेला. परवा कापला." तिने मागे वळून पाहिलं. "शलोमीबाई, तुमी माझी पोरं काडली, आन् मी तुमाला..."

"मी पण बोलले की गं," पदराने वारा घेणारी बाई पुटपुटली. तिच्या मागची म्हणाली, "आपण समदेच बोललो."

मावशी उठून पुढे आल्या. मिठी वगैरे त्यांनी कुणाला मारली नाही. त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून "सलाम" म्हणाल्या. आईने दोन्ही हातांनी तो धरला. मग मावशींनी कीर्तीसमोर हात केला. तो हात कोरडा आणि ताठ होता. कीर्तीने तो तसाच धरला. मावशींनी लवकर सोडवून घेतला, पण आधी एकदा दाबला.

"साहेब, पुढचं गाणं घ्या," त्या म्हणाल्या. "बायकांना घरी स्वयंपाक आहेत."

गाण्याच्या वेळी कीर्तीने डोळे मिटले. समोर लिंबू आलं नाही. अपराधीपण गेलं नव्हतं. मावशींनी मागच्या बाकावर एकटीने काढलेले रविवार भरून निघणार नव्हते, आणि त्यांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. पण ते आता देवासमोर उघडं ठेवता येत होतं. काहीतरी पाठीमागे लपवून बोलतोय, असं वाटत नव्हतं. कितीतरी दिवसांनी ती नुसती "प्रभू" म्हणाली आणि थांबली, आणि तेवढं पुरलं.

उपासना सुटली तेव्हा अजून उजेड होता. कीर्तीने स्कूटर काढून आईला हाक मारली. आईने ऐकलं नाही. ती मावशींबरोबर फाटकातून बाहेर पडली होती आणि रस्त्यात मोठमोठ्याने सांगत होती, "घरात, माझ्याच चाकूनं! लाल लाल फोडी! मला म्हणाली, ह्यात काय न्हाय. आन् मी म्हटलं, झालं, पोरगी बी देवऋषी झाली. एम.एस्सी. केली आपण तिला, शलोमीबाई, आन् ही लिंबू कापतीया!"

मावशी हसल्या. आधी अडखळत, मग मोठ्याने.

कीर्तीने इंजिन सुरू केलं नाही. त्या हसण्यात सामील व्हायचा हक्क आपल्याला अजून नाही, असं तिला वाटलं. ती स्कूटर हाताने ढकलत, थोडं अंतर ठेवून, त्या दोघींच्या मागून चालत राहिली.